निओ-६एम जीपीएस मॉड्यूल: घड्याळं जुळवण्याची व्याख्या टेबलावर मांडणारा बोर्ड

विशेष सापेक्षतेच्या पेपरला प्रॅक्टिकल नसतं. फळ्यावर आगगाडी काढायची, तिच्या दोन टोकांना विजा पाडायच्या, फलाटावरच्या माणसाच्या हिशेबाने त्या एकाच वेळी पडल्या आणि गाडीतल्या बाईच्या हिशेबाने नाहीत हे सांगायचं, आणि लॉरेंट्झ रूपांतरणाकडे (एकाची मोजमापं दुसऱ्याच्या मोजमापांत बदलणाऱ्या समीकरणांकडे) वळायचं. टी.वाय.ची मुलं गणितं सोडवतात, मार्कही मिळवतात. पण "दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या हे ठरवायचं कसं?" असं विचारलं की उत्तर येतं, "घड्याळात बघून." कोणत्या घड्याळात, आणि ते दुसऱ्या घड्याळाशी कोणी जुळवलं, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नसतो. सगळी सापेक्षता तर तिथूनच सुरू होते.

त्यासाठी मी प्रयोगशाळेत निओ-६एम ही जीपीएस मॉड्यूलं आणली. हे परीक्षण त्याच वापराचं आहे. ड्रोन, गाडीचं ट्रॅकिंग किंवा नकाशा यांसाठी बोर्ड कसा आहे ते इथे नाही.

बोर्ड निळा, काडेपेटीपेक्षा लहान, सोबत एक इंच चौरस सिरॅमिक अँटेना. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, हजाराच्या आत मिळतो. म्हणजे परचेस कमिटीपुढे तीन कोटेशनं ठेवण्याची वेळ येत नाही, आणि ही गोष्ट कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही सांगायला नको इतकी महत्त्वाची आहे. घेताना एकच पाहा: पीपीएस (पल्स पर सेकंद, म्हणजे दर सेकंदाला एक ठोका) नावाची पिन बाहेर काढलेली आहे का. चार पिनांच्या स्वस्त बोर्डावर ती बाहेर नसते. तिथे दर सेकंदाला लुकलुकणाऱ्या एलईडीच्या रेझिस्टरवर बारीक वायर सोल्डर करावी लागते, आणि सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर पॅड उखडतो. पाच पिनांचा बोर्ड घ्या. शंभर-दोनशे रुपये जास्त जातील, पण जाऊ द्या.

कारण या बोर्डाचं सगळं मोल त्या एका पिनेत आहे. सिरियल पोर्टवरून मॉड्यूल जी माहिती देतं (वेळ, अक्षांश, रेखांश) ती अक्षराअक्षराने ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) सावकाश येते. "आता १० वाजून १५ मिनिटं ७ सेकंद" हे वाक्य संगणकात पोचेपर्यंत सेकंदाचा चांगला मोठा तुकडा निघून गेलेला असतो. सेकंद नेमका कुठे सुरू झाला ते पीपीएसची पिन सांगते: दर सेकंदाला व्होल्टेजची एक उभी चढण, आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार तिची अचूकता ३० नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम आपल्या फूटपट्टीएवढा, ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे या बोर्डाची चूक एवढ्याच वेळाची, की जेवढ्यात प्रकाश ९ मीटर, साधारण आमच्या प्रयोगशाळेच्या लांबीइतकाच, सरकतो. ज्या उपकरणाला प्रकाशाचा वेग "फार मोठा" वाटत नाही, त्याच्यावरच सापेक्षता शिकवता येते.

पहिला प्रयोग केबलचा, आणि त्यात मॉड्यूल लागतच नाही. आरजी-५८ कोॲक्स केबलचं २० मीटरचं वेटोळं घ्या. पल्स जनरेटर, त्याच्या तोंडाशी टी-कनेक्टर, एक फाटा डीएसओला (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या डिजिटल ऑसिलोस्कोपला), दुसरा केबलला, आणि केबलचं पलीकडचं टोक उघडं. पडद्यावर चढण दोन पायऱ्यांनी येते. पहिली पायरी सिग्नल निघाल्याची, दुसरी तो उघड्या टोकावर आपटून परत आल्याची. दोन पायऱ्यांत अंतर सुमारे २०० नॅनोसेकंद. पूर्ण मोजणी एकाच जागी, एकाच उपकरणाने झाली. यात वादाला जागा नाही.

आता प्रश्न विचारायचा: सिग्नल पलीकडच्या टोकाला कधी पोचला?

सगळे म्हणतात, १०० नॅनोसेकंदांनी. का? "निम्मे केले, मॅडम." निम्मेच का? जाताना १२० आणि येताना ८० लागले नसतील कशावरून? एका मुलीने लगेच सांगितलं, पलीकडे दुसरं घड्याळ ठेवा आणि बघा. बरोबर आहे, पण ते दुसरं घड्याळ इथल्या घड्याळाशी जुळवायचं कसं? सिग्नल पाठवून. सिग्नलला जायला किती वेळ लागला हे धरून. म्हणजे जे शोधायचं होतं तेच आधी गृहीत धरून. दुसऱ्याने सुचवलं की दोन्ही घड्याळं इथे शेजारी ठेवून जुळवू आणि मग एक हळूहळू पलीकडे नेऊ. हाही चांगला विचार आहे. सावकाश नेलेलं घड्याळ सिग्नलच्या पद्धतीशी जुळतंही. पण नेताना त्याची चाल बिघडली नाही, एका दिशेला नेण्यात आणि दुसऱ्या दिशेला नेण्यात फरक नाही, हे तपासायला पुन्हा पलीकडे एक जुळवलेलं घड्याळ हवंच.

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना, हा फेरा तोडला तो नवा प्रयोग करून नाही. त्यांनी सरळ व्याख्या केली. माझ्या जवळच्या घटनेची वेळ म्हणजे माझ्या शेजारच्या घड्याळातली वेळ. दूरच्या घड्याळाशी माझं घड्याळ जुळलेलं आहे असं मी तेव्हाच म्हणणार, जेव्हा प्रकाशाला जायला लागलेला वेळ आणि यायला लागलेला वेळ सारखा भरेल. मी ० वाजता प्रकाश पाठवला, २०० वाजता परत आला, तर तो पलीकडे आदळला तेव्हा तिथल्या घड्याळात १०० वाजलेले असले पाहिजेत. नसतील तर ते घड्याळ फिरवून १०० करायचं. फ्रेंच गणिती पॉइंकारे यांनीही १९०० मध्ये प्रकाशाचे सिग्नल देऊन-घेऊन घड्याळं जुळवण्याचा विचार मांडला होता, पण त्यांच्या मांडणीत ईथरमधली (प्रकाशाचं माध्यम म्हणून मानलेल्या पदार्थातली) खरी वेळ वेगळी शिल्लक राहत होती. आइन्स्टाइन यांनी ती शिल्लक ठेवली नाही. पुढे १९२० च्या दशकात जर्मन तत्त्वज्ञ रायशेनबाख यांनी दाखवलं की "निम्मे" ऐवजी ० आणि १ यांमधला कोणताही अपूर्णांक घेतला तरी कुठलाही प्रयोग खोटा ठरत नाही, फक्त समीकरणं ओबडधोबड होतात. मला हा मुद्दा सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर वाटतो, आणि परीक्षेत यावर प्रश्न येत नाही म्हणून तो सोडला जातो याचं मनापासून वाईट वाटतं.

मग मॉड्यूल कशाला? ते या व्याख्येवर उभं राहिलेलं जग दाखवायला.

दोन मॉड्यूलं घ्या, दोन्ही अँटेना गच्चीवर शेजारी ठेवा, दोन्ही पीपीएस पिना डीएसओच्या दोन चॅनेलना सारख्या लांबीच्या केबलने जोडा. दोन बोर्डांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. वीजही वेगळी देता येते. तरी दोन चढणी पडद्यावर एकमेकींना चिकटून येतात, शंभराहून कमीच नॅनोसेकंद इकडे-तिकडे. बारकाईने पाहिलं तर त्या गुळगुळीत सरकत नाहीत, उड्या मारत सरकतात, कारण मॉड्यूलच्या आतलं घड्याळ २१ नॅनोसेकंदांपेक्षा बारीक पाऊल टाकू शकत नाही. ही उणीव नाही. या किमतीत पाऊल दिसतं हीच कमाल आहे. मग एका चॅनेलला ते २० मीटरचं वेटोळं जोडायचं. ती चढण १०० नॅनोसेकंद मागे जाते, आणि मुलं आपणहून म्हणतात, "हे वजा करायला हवं." केबलच्या प्रयोगातलं "निम्मे" इथे वापरात आलं, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं.

इथे एक हुशार शंका येते. मॉड्यूल तर उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतं. मग जाणं-येणं कुठे आहे? उत्तर असं, की ते समीकरणांत आहे. प्रत्येक उपग्रह म्हणतो, "मी इथे होतो आणि अमुक वाजता सिग्नल सोडला." मॉड्यूलला चार गोष्टी माहीत नाहीत, जागेचे तीन अंक आणि स्वतःची वेळ, म्हणून निदान चार उपग्रह लागतात. चारही समीकरणांत प्रकाशाचा वेग एकच घातलेला असतो, सिग्नल उत्तरेकडून येवो की पश्चिमेकडून. सगळ्या दिशांना वेग सारखा, म्हणजेच जाणं आणि येणं सारखं. आइन्स्टाइन यांची व्याख्या त्या चार समीकरणांत मुरलेली आहे. ती काढून घेतली तर मॉड्यूलला ना वेळ सांगता येईल ना पत्ता.

आणि ही व्याख्या कोणाच्या चौकटीत लावायची हेही आधी ठरवावं लागतं. जीपीएसने निवडलेली चौकट पृथ्वीच्या केंद्राला धरून आहे, पण ती पृथ्वीबरोबर फिरत नाही. का, ते विषुववृत्तावर कळतं. तिथे जमिनीवर घड्याळांची रांग लावा, प्रत्येकाने पूर्वेकडच्या शेजाऱ्याशी "निम्मे" या नियमाने घड्याळ जुळवावं. पृथ्वीला वळसा घालून पहिल्या घड्याळाशी परत आलात की ते स्वतःशीच जुळत नाही. फरक २०७ नॅनोसेकंदांचा. कोणाची चूक झालेली नसते. फिरणाऱ्या जमिनीवर हा नियम सगळीकडे एकदम लावताच येत नाही. मुंबई आणि नागपूर यांच्यात हाच फरक सुमारे ३ नॅनोसेकंद भरतो: जमिनीला स्थिर मानून जुळवलेली दोन घड्याळं आणि जीपीएसच्या चौकटीत जुळवलेली तीच दोन घड्याळं तेवढ्याने वेगळी पडतील. हे निओ-६एमवर दिसणार नाही. त्याची अचूकता त्याच्या दहापट ढोबळ आहे. पण विषुववृत्ताचे २०७ नॅनोसेकंद प्रकाशाच्या अंतरात ६२ मीटर होतात. नकाशावर ते सहज दिसले असते.

फळ्यावरच्या आगगाडीचा हिशेब मी याच वेळी करून घेते. ५०० मीटर लांबीची गाडी ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने धावतेय. गाडीतल्यांनी आपल्या नियमाने दोन टोकांची घड्याळं जुळवली तर फलाटावरून ती किती चुकलेली दिसतील? वेग गुणिले लांबी, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. उत्तर ०.१७ पिकोसेकंद. सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातले पावणेदोन. आमचं मॉड्यूल याहून जवळपास पावणेदोन लाख पट ढोबळ. पण तेच सूत्र जीपीएस उपग्रहाला लावा. वेग सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर, त्याच्या गतीच्या दिशेने अंतर २०,००० किलोमीटर धरा, की उत्तर ०.८७ मायक्रोसेकंद येतं, अंतरात अडीचशे मीटरच्या वर. उपग्रहावर बसलेल्याचं "आत्ता" आणि आपलं "आत्ता" यांत एवढा फरक. गाडीपासून उपग्रहापर्यंत सूत्र बदललं नाही, आकडे बदलले, आणि मुलांना हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं की पुरतं.

एका गोंधळापासून मात्र सावध राहा. जीपीएस आणि सापेक्षता म्हटलं की उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं हा आकडा सगळे सांगतात. तो खरा आहे. १९७७ मध्ये एनटीएस-२ या उपग्रहावरून पहिलं सीझियम (अणु)घड्याळ कक्षेत गेलं तेव्हा सापेक्षतेची दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवून आधी सुमारे २० दिवस त्याची चाल पाहिली गेली. सिद्धांताप्रमाणे ते १० लाख कोटींत ४,४६५ भागांनी पुढे पळायला हवं होतं, पळालं ४,४२५ भागांनी. पण हा आकडा घड्याळाच्या चालीचा आहे, जुळवणीचा नाही, आणि त्यातला मोठा वाटा (दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे) गुरुत्वाकर्षणाचा, म्हणजे सामान्य सापेक्षतेचा आहे. विशेष सापेक्षतेचे त्यातून ७ वजा होतात. एकसमयतेचा (दूरच्या घटना एकाच वेळी घडण्याचा) धडा शिकवताना हा आकडा मध्ये आणला की मुलांची गाडी रूळ बदलते.

मॉड्यूलचा आणखी एक उपयोग मला अपेक्षेपेक्षा जास्त आवडला: इंटरनेटवरून जुळवलेलं संगणकाचं घड्याळ पीपीएसशी ताडून पाहणं. एनटीपी नावाची जी पद्धत जगभरचे संगणक वापरतात, ती हुबेहूब आइन्स्टाइन यांचीच कृती आहे. संगणक विचारणा पाठवतो, सर्व्हर ती कधी आली आणि उत्तर कधी सोडलं ते लिहून परत पाठवतो, संगणक एकूण फेरीचे निम्मे करतो. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही याच पद्धतीने वेळ वाटते, आणि एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनंतर देशातल्या संस्थांना आपली घड्याळं तिच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, बांधून ठेवावी लागतात. आता समजा जाताना १० मिलिसेकंद लागले आणि येताना ३०. फेरी ४०, निम्मे २०, आणि घड्याळ १० मिलिसेकंद चुकीचं लागलं. ही चूक त्या दोन संगणकांना आपापसांत कितीही निरोप पाठवून कळणार नाही. कळते ती शेजारच्या निळ्या बोर्डामुळे, कारण त्याची वेळ दुसऱ्याच वाटेने आलेली असते. इंटरनेटच्या बाबतीत "निम्मे" हा अंदाज आहे आणि तो तपासायला बाहेरचा पंच मिळतो. प्रकाशाच्या बाबतीत बाहेरचा पंचच नाही, म्हणून तिथे "निम्मे" ही व्याख्या आहे. हा फरक मला आजवर पुस्तकातून इतका स्वच्छ समजावता आला नव्हता.

जाता जाता मुंबईची वेळ. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि "वेळ जुळवणं हा निर्णय असतो" हे पटायला तिची मदत होते. मात्र तो फरक शासनाच्या एका आदेशाने मिटतो. आगगाडी आणि फलाट यांच्यातला मिटत नाही.

वापरताना काय लक्षात ठेवायचं ते थोडक्यात. स्लॅबखाली, पत्र्याखाली फिक्स (उपग्रहांवरून काढलेलं जागा-वेळेचं उत्तर) मिळत नाही किंवा फार रडत मिळतो. सक्रिय अँटेना खिडकीबाहेर काढा, खाली पत्र्याचा तुकडा ठेवा. आमच्या साताऱ्यात जून ते सप्टेंबर गच्चीवर काही टिकत नाही, तेव्हा अँटेनेला जलरोधक डबी हवीच. मोकळ्या आकाशाखाली गार सुरुवात (बंद मॉड्यूल चालू केल्यापासून पहिला फिक्स) अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते. पण पहिल्या फिक्सनंतर लगेच सेकंदाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जीपीएसची स्वतःची वेळ जागतिक वेळेपेक्षा १८ सेकंद पुढे आहे, आणि ही दुरुस्ती उपग्रहाच्या संदेशात दर साडेबारा मिनिटांनी एकदा येते. ती मिळेपर्यंत आकडा काही सेकंदांनी चुकीचा असू शकतो. पीपीएसचा ठोका मात्र आपल्या जागीच असतो. अर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाचे ५ व्होल्ट थेट मॉड्यूलच्या आरएक्स (माहिती घेणाऱ्या) पिनेला देऊ नका, दोन रेझिस्टरांचा विभाजक लावा. आणि बाजारात दुसऱ्याच चिपवर हेच लेबल लावलेले बोर्ड फिरतात, तेव्हा विकणारा परत घेतो का ते आधी विचारा.

नाविकचे, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचे, उपग्रह याला ऐकू येत नाहीत, हे मला खटकतं. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ वरून भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ कक्षेत गेलं, ते वर्गात दाखवायला दुसरं मॉड्यूल घ्यावं लागेल. वेळेच्या कामासाठी खास बनवलेली निओ-६टीसारखी मॉड्यूलंही आहेत. जागा एकदा पक्की करून ती फक्त वेळेवर लक्ष देतात आणि जास्त अचूक असतात, पण ती महाग आहेत आणि या धड्याला लागत नाहीत.

दोन पाच-पिनी बोर्ड, दोन सक्रिय अँटेना, २० मीटर आरजी-५८, टी-कनेक्टर आणि बीएनसी जोडण्या, हे सगळं तीन हजारांच्या आसपास बसतं. डीएसओ बहुतेक विभागांत असतोच. निदान १०० मेगाहर्ट्झचा वापरा, नाहीतर पायऱ्या गोलसर दिसतात. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा संच करावा असं मी आग्रहाने सांगेन. फक्त क्रम उलटा करू नका: केबल आधी, मॉड्यूलं नंतर. दोन चढणी आयत्या जुळलेल्या आधी दाखवल्या तर मुलांना वाटतं की एकसमयता निसर्गात कुठेतरी पडलेलीच होती आणि बोर्डाने ती शोधून आणली.